रात्रपाळीचा थकवा: १०८च्या गाडीवर आणि कॅज्युअल्टीत काम करणाऱ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

इंदूरमध्ये १०८च्या गाडीवरचे (रुग्णवाहिकेवरचे) ईएमटी म्हणजे रुग्णाला सांभाळणारे तंत्रज्ञ, पायलट म्हणजे चालक आणि कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) सिस्टर-ब्रदर यांच्याशी थकव्याबद्दल बोललं की बहुतेकांची पद्धत सारखीच निघते. पहाटे तीनला डोळे जड झाले की चहा. चारला तोंडावर पाणी. पाचला आणखी एक चहा. सकाळी आठला गाडी सोपवून मोटरसायकलवर घरी, वाटेत पोहे-जलेबी, आणि घरी गेल्यावर झोप येत नाही म्हणून मोबाइल.

यात क्रमच उलटा लागला आहे. पहाटे तीनला करता येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. ज्याचा खरा उपयोग होतो ते आदल्या दुपारी, गाडी ताब्यात घेताना आणि मध्यरात्रीच्या सुमारास करायचं असतं. शिवाय थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा मोजता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि प्रतिसाद इतके खालावले की दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाची बरोबरी व्हावी. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलेले आहोत असं वाटत होतं. म्हणून ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर रात्रपाळी चालवू नये. निर्णय डोकं ताजं असताना घ्यायचे आणि रात्री ते फक्त पाळायचे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. सोयीचे तेवढे उचलले तर फायदा कमी होईल.

टप्पा १. पाळीचा तक्ता हातात आला की जागेपणाचे तास मोजा

बहुतेक जण ड्युटीचे तास मोजतात. मोजायचे असतात ते जागेपणाचे.

सकाळी आठला उठलात, दिवसभर घरचं पाहिलं आणि रात्री आठला बारा तासांच्या पाळीवर आलात, असं समजा. रात्री एकलाच तुम्हाला जागं होऊन १७ तास झालेले असतात. पाळी सुटेल तेव्हा २४ तास पूर्ण होतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते आणि २४ तासांनंतर सुमारे १०० मिलिग्रॅम असल्यासारखी होते. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ज्या पायलटने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तोही रात्री एकनंतर त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत गाडी चालवत असू शकतो, आणि त्याला अडवणारं यंत्र कोणाकडेच नाही.

तक्ता मिळाला की एका कागदावर प्रत्येक रात्रीसमोर दोन गोष्टी लिहा: पाळीआधी कधी झोपणार, आणि पहाटे चारला जागेपणाचे किती तास झालेले असतील. आकडा १७च्या वर जात असेल त्या रात्रीभोवती गोल करा. टप्पा २ त्या रात्रींसाठी सक्तीचा आहे.

आणखी काही रात्री आधीच खुणा करून ठेवा. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) दिवसाची असते, पण राजवाड्याच्या गर्दीत भर उन्हात उभं राहून झाल्यावर त्याच संध्याकाळी रात्रपाळी असेल तर ती धोक्याची. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, गाडी एकाच जागी तासन्‌तास उभी राहते, आणि अशा रिकाम्या उभं राहण्यात झोप सर्वांत लवकर येते. त्या दिवशी कोणाशीही पाळी बदलून घेऊ नका.

आता जोडधंद्याबद्दल. पगारात भागत नाही म्हणून अनेक जण दिवसा खाजगी नर्सिंग होममध्ये काम करतात, तर काही पायलट दिवसा टॅक्सी चालवतात. त्यांची अडचण खरी आहे, त्यांना दोष द्यायचा नाही. पण ज्या रात्री १०८ची पाळी आहे त्या दिवशी दुसरं काम घेऊ नका, निदान पहिल्या दोन रात्री तरी. तेवढंही जमत नसेल तर दुसरं काम दुपारी एकच्या आत संपवा आणि त्यानंतरची झोप काहीही झालं तरी सोडू नका.

*पडताळा:* दोन पाळ्यांच्या मध्ये सलग किती तास सुट्टी आहे? युरोपीय संघाच्या नियमात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती धरली आहे. तुमच्या तक्त्यात आठ तास दिसत असतील तर त्यातून जाणं-येणं, अंघोळ आणि जेवण वजा करा. झोपेला उरतात पाच.

टप्पा २. पाळीच्या दिवशी दुपारची झोप, आणि त्यासाठी घरात करायची व्यवस्था

दुपारी एक ते चारच्या दरम्यान शरीर आपोआप थोडं मंदावतं. पहिल्या रात्रीपूर्वीची झोप याच वेळात बसवा. ९० मिनिटांत झोपेचं साधारण एक चक्र पूर्ण होतं, तेव्हा दीड तास तरी मिळावा. तीन तास मिळाले तर फारच उत्तम. जागेपणाचा हिशेब त्याने शून्यावर येत नाही, पण पहाटेचा उतार बराच सौम्य होतो. संध्याकाळी सहानंतर झोपायचा प्रयत्न बहुधा वाया जातो. त्या वेळी शरीर झोपायला तयार नसतं आणि माणूस नुसता पडून चिडचिडतो.

कधी झोपायचं हे सगळ्यांना कळतं. अडतं ते घरात.

मे महिन्यात पारा ४०च्या वर असतो आणि खोली तापलेली असते. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. खिडकीच्या काचेवर जाड काळं कापड किंवा दुहेरी वर्तमानपत्र लावा. थोडासा उजेडही मेंदूला दिवस असल्याचं सांगत राहतो. फोनवर घरचा एक नंबर आणि कंट्रोलचा (१०८च्या नियंत्रण कक्षाचा) नंबर एवढेच वाजतील असं करून बाकी सगळं बंद ठेवा.

रात्रींच्या मालिकेत सकाळी झोपायचं असतं तेव्हा वेगळ्या अडचणी येतात. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते. बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि ते भरायला कोणीतरी उठावं लागतं. कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला, कुरिअर, आणि ‘अरे, तू घरीच आहेस का’ म्हणत डोकावणारे शेजारी. सगळं एकाच दिवसात थांबवता येत नाही. पण पाण्याच्या दिवशी कोण उठणार आणि कचरा कोण देणार हे आदल्या रविवारी ठरवता येतं. कापसाचे किंवा फोमचे कानातले बोळे मेडिकलच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात.

बायकांचं तर खास लिहायलाच हवं. ईएमटी किंवा नर्स असलेली सून रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी येते आणि तिच्यापुढे डबे, पाणी, मुलाची शाळा आणि सासूबाईंचं पथ्य उभं असतं. ती झोपते साडेबाराला आणि तीनला मूल परत येतं. चार दिवस अडीच-तीन तास झोपलेल्या माणसाच्या हातात आपण सलाइन देतो. म्हणून घरच्यांशी मोकळेपणी बोला, आणि ‘मला आराम हवा’ असं म्हणू नका. म्हणा: ‘सकाळी साडेनऊ ते अडीच मी झोपणार. माझ्या हातून औषधाचा डोस चुकला तर माणूस जाऊ शकतो.’ सासूबाई, दीर, नवरा, प्रत्येकाला एकेक काम नाव घेऊन सांगा. माझ्या अनुभवात ‘थकले आहे’ या शब्दाने घरात काहीच हलत नाही, पण रुग्णाचं नाव घेतलं की हलतं. जमलं तर पाळीच्या तक्त्याची एक प्रत फ्रिजवर लावा आणि झोपेच्या वेळा त्यात लाल पेनाने भरा.

*सावध:* सर्दी-खोकल्याच्या आणि अॅलर्जीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. सेटिरिझिनने काहींना झोप येते आणि जुन्या अॅलर्जीच्या गोळ्यांनी तर हमखास येते. पाळीआधी अशी गोळी घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ‘रात्री गाडी चालवायची आहे’ असं सांगून मगच घ्या. झोप लागावी म्हणून दारू घेऊ नका. तिने डोळा लवकर लागतो, पण झोप तुकड्यातुकड्यांत होते.

टप्पा ३. गाडी ताब्यात घेताना रात्रीचे निर्णय उरकून घ्या

रात्री आठला डोकं सर्वांत ताजं असतं. ज्या गोष्टी पहाटे करताना चुकतात त्या याच वेळी करून टाका.

ऑक्सिजन सिलेंडरचा दाब, सक्शन, डिफिब्रिलेटरची बॅटरी, बॅग-मास्कचे लहान-मोठे आकार, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि त्यांची मुदत, हे सगळं हात लावून तपासा. मागच्या पाळीच्या सहीवर भरवसा ठेवून नुसती टिक मारू नका. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या) शेजारी शेजारी असतील तर वेगळ्या कप्प्यात ठेवा. लहान मुलांच्या वजनानुसार डोसचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पहाटे चारला दहा किलोच्या बाळाचा डोस तोंडी गणित करून काढायची वेळ येऊच नये.

मग पायलट आणि ईएमटी यांनी पाच मिनिटं समोरासमोर बसा. तीन प्रश्न.

पहिला: गेल्या २४ तासांत किती झोपलास? खरा आकडा सांगा. दोघांपैकी एकाचा आकडा पाचच्या खाली असेल तर दोघांनाही ते ठाऊक असलं पाहिजे, आणि कंट्रोलला किंवा सुपरवायझरला पाळीच्या सुरुवातीलाच कळवलं पाहिजे. पहाटे कळवून उपयोग नसतो, तेव्हा बदली माणूस मिळत नाही.

दुसरा: आत्ता किती नंबरवर आहेस? यासाठी झोपाळूपणा मोजायची कॅरोलिन्स्का पट्टी वापरा, ती १ ते ९ आहे. १ म्हणजे अगदी लख्ख जागा, ३ म्हणजे जागा, ५ म्हणजे ना जागा ना पेंगुळलेला. ७ म्हणजे झोप येते आहे पण जागं राहायला कष्ट पडत नाहीत, ८ला थोडे कष्ट पडतात, आणि ९ म्हणजे झोपेशी झुंज चालली आहे. नंबर दर दोन तासांनी विचारा आणि लॉगबुकच्या कडेला लिहा. ‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. नंबर विचारला की माणूस क्षणभर थांबून खरं बोलतो.

तिसरा: ७ आला तर काय करायचं? हे आत्ताच ठरवा. ७ला डुलकी किंवा काम बदलून घेणं. ८ला गाडी चालवायची नाही, बाजूला घ्यायची आणि कंट्रोलला सांगायचं. हा करार आहे, रात्री त्यावर वाद घालायचा नाही. नवा ईएमटी वयाने मोठ्या पायलटला ‘दादा, थांबवा’ म्हणायला कचरतो. म्हणून हा शब्द दादांनीच आधी काढावा: ‘मला डुलकी आली तर तू बोलायचंस, मला राग येणार नाही.’

*पडताळा:* करार दोघांनी मोठ्याने बोलून केला का? मनातल्या मनात ठरवलेलं चालत नाही.

टप्पा ४. मध्यरात्रीच्या आतलं जेवण, चहा आणि डुलकी

जेवण रात्री नऊ ते अकरामध्ये उरका. साधं जेवण घ्या: पोळी, वरण, भाजी, दही. सराफ्यातून (रात्रीच्या खाऊबाजारातून) कोणी कचोरी किंवा गराडू (तळलेला कंद) आणलं तर दोन घास खा, पोट भरू नका. मध्यरात्रीनंतर पचन मंद होतं, तेलकट खाल्लेलं तसंच पडून राहतं आणि पहाटेची सुस्ती दुप्पट होते. तीनच्या भुकेसाठी फुटाणे, शेंगदाणे, केळं किंवा उकडलेलं अंडं गाडीत ठेवा. पाणी घोट घोट पीत राहा. लघवीची सोय नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या मुली मी पाहते. त्यांना दोष कसा देणार? पण शरीरातलं पाणी थोडं कमी झालं तरी लक्ष उडतं, डोकं दुखतं. प्रत्येक हॉस्पिटलमध्ये रुग्ण सोपवल्यावर आधी स्वच्छतागृह आणि मग पाणी, अशी सवय लावून घ्या.

चहात चूक होते ती वेळेची. कॅफिन लागू व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि घेतलेल्यापैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास. एका कप चहात अंदाजे ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत ८० ते १००. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात, गर्भवतींसाठी २००. टपरीवरचा कटिंग चहा तासातासाला घेत राहिलात तर पाचला घेतलेला सकाळची झोप खातो. योग्य क्रम असा: पाळीच्या सुरुवातीला एक कप, बारा ते दोनच्या दरम्यान दुसरा, फार तर तीनच्या आधी तिसरा. तीननंतर नाही.

डुलकीबद्दल अजून अनेकांना संकोच वाटतो. साहेब काय म्हणतील, पेशंटचे नातेवाईक फोटो काढतील. तरीही अमेरिकेत २०१८ साली रुग्णवाहिका सेवांसाठी थकव्यावरच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत ड्युटीवर डुलकीची संधी द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच सूचनांमध्ये पाळी २४ तासांपेक्षा लहान असावी, थकवा मोजण्याची प्रश्नपट्टी वापरावी, कॅफिन उपलब्ध असावं आणि कर्मचाऱ्यांना थकव्याचं प्रशिक्षण द्यावं हेही आहे. डुलकी हा कामाचाच भाग आहे.

ती अशी घ्या. बारा ते तीनच्या दरम्यान केस नसेल तेव्हा. एकाने झोपायचं, दुसऱ्याने फोन धरायचा. गजर २० मिनिटांचा. झोपण्याच्या अगदी आधी चहा प्यायलात तर उठताना तो लागू होतो. चाळीस-पन्नास मिनिटं झोपू नका. गाढ झोपेतून अर्ध्यावर उठलं की माणूस भांबावलेला असतो.

हा भांबावलेपणा इथे खरा धोक्याचा आहे. उठल्यावर १५ ते ३० मिनिटं विचार आणि हात दोन्ही मंद असतात. कधी त्याहूनही जास्त वेळ. कॉल आला की पायलट दचकून उठतो, चावी फिरवतो आणि मिनिटाभरात गाडी रस्त्यावर आणतो. त्याच मिनिटात त्याचं डोकं गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसतं. म्हणून पायलटची डुलकी शक्यतो कमी कॉल येण्याच्या वेळेत ठेवा. उठल्यावर त्याने गाडीतून खाली उतरावं, चेहऱ्यावर गार पाणी घ्यावं आणि पत्ता स्वतःच्या तोंडाने परत म्हणावा. आतले दिवे पूर्ण लावा. पहिले दोन किलोमीटर ईएमटीने समोर बसून बोलत राहावं.

*सावध:* बंद शेडमध्ये किंवा भिंतीला खेटून गाडी उभी करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

टप्पा ५. पहाटे तीन ते सहा: मुद्दाम हळू काम करा

या वेळात शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असतात. कितीही झोप झालेली असो, थोडा उतार येतोच. या तीन तासांसाठी वेगळे नियम हवेत.

औषध देताना मोठ्याने बोला. औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, मुदत. ऐकणारा तेच परत म्हणेल. अॅड्रेनलिनचंच घ्या. तीव्र अॅलर्जीत प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. हृदय थांबलेलं असेल तर १ मिलिग्रॅम शिरेतून, दर तीन ते पाच मिनिटांनी. अँप्यूल तीच, १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. झोपाळलेल्या हाताने मात्रा आणि मार्ग यांची अदलाबदल केली तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या शिरेत पूर्ण मिलिग्रॅम जाऊ शकतं. सोबत कोणी नसेल तर अँप्यूलवरचं लेबल बोट ठेवून वाचा आणि स्वतःलाच ऐकू येईल असं म्हणा. नातेवाईकांना विचित्र वाटलं तरी चालेल.

सीपीआर (हृदय थांबलं असता छाती दाबणं) करताना मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली हे सगळ्यांना पाठ असतं. पण करणाऱ्याला दमल्यासारखं वाटण्याआधीच, अवघ्या मिनिटाभरात, खोली कमी व्हायला लागते. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, ‘मी अजून करू शकतो’ असं तो म्हणाला तरी. १०८च्या गाडीवर दोघंच असतात आणि गाडी चालू झाली की मागे एकटा ईएमटी उरतो. तेव्हा जागेवरच पायलटला बदलीला घ्या आणि घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला तिथल्या तिथे शिकवा.

सोपवणीही लिहून करा. पहाटे तोंडी सांगताना अॅलर्जी, दिलेला डोस आणि दिल्याची वेळ या तीन गोष्टी हमखास गळतात. या तीन ओळी आधी कागदावर उतरवा, मग डॉक्टरांशी बोला.

आता रस्ता. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रेफर केसच्या परतीची. खरगोन, बडवानी किंवा खंडव्याहून रुग्ण घेऊन गाडी इंदूरला येते. जाताना सगळे सावध असतात, कारण मागे जीव असतो, सायरन चालू असतो. रुग्ण सोपवला की ताण उतरतो, आणि पहाटे चारला रिकामी गाडी घेऊन मानपूरच्या घाटातून किंवा भेरूघाटातून शंभरहून जास्त किलोमीटर परत जायचं असतं. ईएमटी मागे स्ट्रेचरवर झोपलेला आणि पायलट एकटा. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंद डोळे मिटले तर गाडी जवळपास ९० मीटर चालकाविना जाते. समोर दिवे बंद करून उभा केलेला ट्रक असतो.

परतीचे नियम:

- रुग्ण सोपवल्यावर लगेच निघू नका. नंबर विचारा. ७ किंवा वर असेल तर हॉस्पिटलच्या आवारातच २० मिनिटं झोप, मग १५ मिनिटं चालणं, मग गाडी. कंट्रोलला तसं कळवा.
- ईएमटी समोर बसेल आणि जागा राहील. मागे झोपणं फक्त पायलट ३ किंवा ४वर असेल तेव्हा.
- दर तासाला थांबा. घाट सुरू होण्याआधी तर नक्कीच.
- मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, गाडी पट्टा सोडून परत येत असेल, डोळे उघडे असून फलक वाचला जात नसेल, तर ही झोप आलेलीच आहे. खिडकी उघडणं, गाणी लावणं, मान चोळणं यांचा उपयोग काही मिनिटांपुरताच. पहिला पेट्रोल पंप किंवा ढाबा दिसला की गाडी आत घ्या.

*सावध:* डोळा लागेल म्हणून वेग वाढवून ‘लवकर पोहोचू’ हा विचार थकव्यातच सुचतो. तो मनात आला तर तेच थांबण्याचं कारण समजा.

टप्पा ६. पाळी सुटल्यावर

सकाळी आठला कागदपत्रं, औषधांची मोजणी आणि नवी मंडळी. मोजणी दोघांनी मिळून करा. एकट्याने केलेली मोजणी या वेळी भरवशाची नसते.

मोटरसायकल काढण्याआधी पुन्हा नंबर विचारा. ८ असेल तर पॉइंटवरच (गाडी उभी असते तिथेच) २० मिनिटं झोपा, किंवा सिटी बस, रिक्षा, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून घरी जा. रात्रभर दुसऱ्याचे अपघात उचलायचे आणि सकाळी बायपासवर स्वतः पडायचं, हे घडतं.

घरी जाताना काळा चष्मा लावा, सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू करतो. मात्र गाडी चालवताना पेंग येत असेल तर चष्मा नको, कारण तेव्हा उजेडच तुम्हाला जागं ठेवत असतो. पोहे खा, थोडेच; जलेबी दुपारी उठल्यावर. अंघोळ कोमट पाण्याने. मोबाइल दुसऱ्या खोलीत. साडेनऊच्या आत अंथरुणावर. सलग सहा तास मिळाले नाहीत तर सकाळी चार आणि संध्याकाळच्या आधी दीड, असे दोन तुकडेही चालतात.

टप्पा ७. रात्रींची मालिका संपली की

पहिल्या सकाळी घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत झोपू नका. तीन-चार तास झोपा, उठा, उन्हात फिरा आणि रात्री दहाला झोपा. संध्याकाळपर्यंत झोपलात तर रात्र जागून जाते आणि पुढच्या दिवसपाळीला तुम्ही पुन्हा झोपेविनाच. साठलेली झोप एका दिवसात भरून निघत नाही, निदान दोन रात्री पूर्ण झोप लागते. पहिल्या सुट्टीच्या दिवशी लांबचा गाडीप्रवास ठेवू नका. उज्जैन, ओंकारेश्वर दुसऱ्या दिवशी करता येतं.

टप्पा ८. तक्ता बनवणाऱ्यांसाठी

हा टप्पा सुपरवायझर आणि नर्सिंग इन्चार्ज यांचा. कर्मचाऱ्याने वर लिहिलेलं सगळं पाळलं आणि तक्ताच चुकीचा असला तर काही उपयोग नाही.

पाळ्या पुढच्या दिशेने फिरवा: सकाळ, दुपार, रात्र. उलट फिरवल्या की शरीराला जास्त त्रास होतो. सलग तीन-चार रात्रींपेक्षा जास्त लावू नका. बदली आली नाही म्हणून तोच माणूस पुढच्या बारा तासांना थांबवू नका. ज्याने २४ तास काम केलंय त्याला रुग्णाजवळ आणि स्टिअरिंगवर ठेवण्यापेक्षा शेजारच्या लोकेशनची गाडी पाठवणं सुरक्षित आहे. झोपायला एक पलंग, पंखा आणि दार लागणारी खोली द्या. बायकांसाठी वेगळी.

आणि थोडक्यात टळलेल्या चुका नाव न विचारता गोळा करा. चुकीची अँप्यूल हातात घेतली पण वेळीच कळलं, घाटात चाक कडेला गेलं पण सावरलं. अशा चिठ्ठीवर मेमो निघाला की दुसरी चिठ्ठी कधीच येत नाही. प्रत्येक चिठ्ठीवर घटनेची वेळ आणि तेव्हा जागेपणाचे किती तास झाले होते, हे दोन रकाने असू द्या. काही महिन्यांत तक्ता कुठे बदलायचा ते त्या चिठ्ठ्याच दाखवतील.

टप्पा ९. हे सगळं करूनही थकवा उतरत नसेल तर

सुट्टीत रात्री आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड असतं, तर ही स्लीप अॅप्नियाची लक्षणं असू शकतात. त्यावर उपचार आहेत. पायलटने तर हे लपवूच नये. रक्तक्षय, थायरॉइड आणि साखर यांच्याही तपासण्या करून घ्या. जागं ठेवणाऱ्या गोळ्या मित्राकडून घेऊ नका, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात.

झोप पूर्ण होते, तरी कामावर जायची इच्छाच मेली आहे, एखाद्या लहान मुलाची केस डोळ्यांसमोरून हलत नाही, रुग्णांचा राग येतो, हे महिनाभर टिकलं तर तो नुसता झोपेचा प्रश्न नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या: रोज कधी झोपलात, कधी उठलात, पाळी कोणती होती, चहा-कॉफी किती कप, आणि पहाटे चारचा नंबर. ‘फार थकवा येतो’ एवढंच सांगितलं तर बी-कॉम्प्लेक्स लिहून मिळण्याची शक्यता जास्त. नोंद समोर ठेवली तर डॉक्टरांना झोप कमी पडते आहे की झोपेतच बिघाड आहे, हे पहिल्याच भेटीत वेगळं काढता येतं.